पहिली लो व्हिसल: थेट लो डी, की आधी लो जी?

मंद्रसूर
लो व्हिसल म्हणजे टिन व्हिसल या सहा भोकांच्या छोट्या आयरिश बासरीची लांब, खालच्या सुरांची बहीण; नावातलं अक्षर म्हणजे तिचा सर्वात खालचा सूर. नवशिक्याने तिच्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: आधी आखूड असलेली लो जी किंवा लो एफ घे, बोटं ताणली जाऊ लागली की लो डीकडे वळ. मला हे पटत नाही. ज्या आवाजाने आपण वेडे होतो तो बहुतेक वेळा लो डीचाच असतो. साध्या डी टिन व्हिसलच्या बरोबर एक सप्तक खाली, लांबी साधारण 60 सेंटिमीटर. मग तीच घ्यावी की! आयरिश सेशनमधल्या, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीतल्या, पुष्कळ धुना डी आणि जी या पट्ट्यांमध्ये असतात आणि दोन्ही लो डीवर सरळ निघतात. लो जीवर डीमधली धून वाजवायची तर दर सी शार्पला भोक अर्धं झाकण्याची कसरत.

बोटं पोचत नाहीत, ही तक्रार बहुधा पकडीची असते. टोकांनी भोकं झाकायला गेलात तर उजवी अनामिका पोचणारच नाही. इलियन पाइप (आयरिश बॅगपाइप) वाजवणारे ठेवतात तशी बोटं सरळ ठेवा: तर्जनी आणि मध्यमा मधल्या पेराने, अनामिका टोकाच्या पेराच्या गादीने. याला पायपर्स ग्रिप म्हणतात.

छोटाहात
सांगायला सोपं आहे. मी हेच ऐकून पहिलीच लो डी घेतली. पकड हीच, रोज अर्धा तास. तीन महिन्यांत खालचा डी एकदाही धड लागला नाही. फुंकलं की टुणकन वरच्या सप्तकात. आधी वाटलं फुंक जोरात जातेय, म्हणून इतकी हळू केली की नुसती हवाच ऐकू येई. शेवटी ती कपाटात गेली.

मग लो जी घेतली आणि आठवड्यात पहिली धून बसली. बोटांची मांडणी तीच, फक्त सूर वरचे, डीऐवजी जीपासून. घरात एकटं वाजवताना ती जीमध्ये आहे की डीमध्ये, कोणाला फरक पडतो? सेशनला जाणं हे नवशिक्याचं पहिल्या वर्षातलं दुखणं नव्हेच.

मंद्रसूर
तुमचं वर्णन वाचून वाटतं की फुंकेचा दोष कमी, गळतीचा जास्त. कुठल्याही एका भोकाच्या कडेला फट राहिली की खालचा डी सगळ्यात आधी रुसतो. दोन मिनिटं वाजवून बोटं उलटी करून बघा. कातडीवर भोकाचा ठसा उमटतो. पूर्ण गोल हवा. चंद्रकोर दिसली तर गळती तिथेच.

अर्धादम
तुम्ही दोघं बोटांवर भांडताय, दमाचं कोणी बोलतच नाही. मी तर म्हणेन, आधी साधी डी टिन व्हिसल घ्या. धुना तिच्यावर बसवा, श्वास कुठे घ्यायचा ते कळू द्या. लो डी हवा पिते. त्यातही प्रत्येक कारागिराची तऱ्हा वेगळी: काहींची मुखातली फुंकेची फट अरुंद, हवा पुरते पण रेटा द्यावा लागतो, काही अलगद वाजतात पण दोन ओळींत छाती रिकामी. हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे दुसऱ्याची मागून वाजवून बघा.

शिवाय पाणी साचतं. थंड धातूला श्वासाची वाफ लागते, फट तुंबते, आवाज घोगरा होतो. वाजवण्याआधी मुखाकडचा भाग काखेत धरून कोमट करा. हसू नका, जुने वादक हेच करतात.

मंद्रसूर
काखेचं कबूल. पण टिन व्हिसलवर टोकांनी झाकायची सवय लागते आणि ती मोडायला नव्याने शिकण्याइतकाच वेळ जातो. मी स्वतः त्यातून गेलोय.

नळीवाला
मध्येच बोलतो. लो डी असो वा जी, डोकं (मुखाकडचा भाग) सरकवून सूर जुळवता येईल अशीच घ्या. थंडीत व्हिसल खाली उतरते, आणि एकसंध नळीला तुम्ही काहीच करू शकत नाही. प्लास्टिकची घ्यायला लाजू नका. टोनी डिक्सन या कारागिराच्या पॉलिमर (प्लास्टिक) व्हिसल हलक्या असतात, उजव्या अंगठ्यावर भार येत नाही.

आणि एक गंमत. आजची धातूची लो व्हिसल जन्मली तीच मुळी एका मोडक्या बासरीमुळे. आयरिश वादक फिनबार फ्युरींची भारतीय बांबूची बासरी कोणीतरी वर बसल्याने मोडली. इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हर्टन यांना ती दुरुस्त होईना, तेव्हा 1971 च्या सुमारास त्यांनी धातूची करून दिली.

छोटाहात
कपाटातली लो डी काढून ठसे पाहिले. पाच गोल, उजव्या अनामिकेवर चंद्रकोर. अंगठा जरा खाली सरकवून मनगट सैल सोडलं, तेव्हा खालचा डी लागला, चारातून एकदा. मंद्रसूर, इतकंच मान्य. लो जी मी विकणार नाही, आणि कोणी विचारलं तर आधी तीच घ्या म्हणणार.