मासे गरवायला स्पिनिंग रील घ्यायचीये, बेअरिंग किती त्यावरून ठरवायचं का?

नवा_गळ
नमस्कार मंडळी. इतके दिवस मित्राच्या सेटवर गरवत होतो, आता रॉड स्वतःचा घेतलाय. सात फुटी, मिडियम, लाईन (दोरा) ६ ते १२ पौंड आणि ल्यूर (नकली आमिष) ७ ते २१ ग्रॅम असं त्यावर लिहिलंय. बहुतेक वेळा नदी नाहीतर तलाव, महिन्यातून एकदोनदा खाडीच्या तोंडाशी. रील बघायला बसलो आणि डोकंच चालेना. एकीवर १३+१ बेअरिंग लिहिलंय आणि ती स्वस्त, दुसरीवर ५+१ आणि ती महाग, हे उलटं कसं? शिवाय कोणी म्हणतं २५०० साइजची घे, कोणी म्हणतं सरळ ४००० घे म्हणजे मोठा मासा लागला तरी चिंता नाही. १३ वालीचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन ताणावर सोडणारा ब्रेक, १० किलो लिहिलाय, तोही जास्तच आहे म्हणजे चांगला ना? एकदाच घ्यायचीये आणि टिकली पाहिजे, तेव्हा जरा सविस्तर सांगा.

काठावरचा
बेअरिंगचा आकडा डोक्यातून काढून टाक भावा. ते +१ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं एकतर्फी रोलर बेअरिंग, ते आजकाल जवळजवळ सगळ्यांत असतं. बाकीची किती यापेक्षा कुठे बसवलीत आणि कसली आहेत ते बघायचं. पिनियनला म्हणजे लहान गिअरला, मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना आणि लाईन ज्यावरून वळून आत येते त्या लाईन रोलरला चांगली सीलबंद असली की पाचात काम भागतं. हलक्या प्रतीची तेरा घातली तर गंजायला तेरा जागा झाल्या, एवढंच.

खरा पैसा जातो तो गिअर आणि बॉडीत. मोठा गिअर बऱ्याच रीलमध्ये साच्यात ओतलेल्या झिंकचा असतो, महागात गेलं की दाबून घडवलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिळतो, तो घट्ट असतो आणि दात लवकर झिजत नाहीत. पिनियन साधारण पितळेचा. पण गिअर कितीही चांगला असला आणि बॉडी लेची असली तर ताण आला की बॉडी किंचित वाकते, दात एकमेकांवर तिरके बसतात आणि सहा महिन्यांत हँडलमध्ये खरखर सुरू होते. म्हणून खाऱ्या पाण्यात, जड मासे धरणारे लोक धातूची बॉडी बघतात. तुझ्या ६ ते १२ पौंडाच्या कामाला चांगल्या कार्बन मिश्रणाची बॉडी चालेल, दिवसभर ल्यूर फेकताना मनगटालाही बरी.

दुकानात नुसतं हँडल गरगर फिरवून बघू नकोस, रिकामी फिरवली की सगळ्याच लोण्यासारख्या लागतात. लाईन भरलेली असेल तर कोणालातरी टोक धरायला सांग आणि ताणावर हळूहळू ओढ, खरखर असली तर तेव्हा बोटांना कळते. मग रोटर, म्हणजे लाईन गुंडाळत फिरणारा भाग, एका हाताने धरून हँडल मागेपुढे हलव. थोडी ढिलाई असतेच, पण टकटक असा आवाज आला तर ठेवून दे. आणि हँडल शक्यतो आट्याचं घे, थेट गिअरमध्ये फिरवून बसणारं. आरपार लांब स्क्रूवर घडी होणारं असतं ते कालांतराने डुगडुगतं.

तंगूस
ड्रॅगचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी या आकड्यात आहे. १० पौंडाची लाईन म्हणजे साडेचार किलो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव भागावर ठेवायचा म्हणजे झाला सव्वा किलोच्या आत. तुझा रॉड १२ पौंडांपर्यंत, म्हणजे फार तर दीड किलो लागेल. १० किलोचं तू करणार काय? तेवढा घट्ट केलास तर आधी लाईन जाईल नाहीतर रॉड.

बघायचं ते हे, की ड्रॅग सुटतो कसा. मासा पहिली धाव घेतो तेव्हा स्पूल (लाईनचं रीळ) अडखळून झटक्याने सुटलं तर तिथेच गाठ तुटते. घरी करून बघ, एक लिटरची बाटली पाण्याने भरून लाईनला बांध, रॉड तिरका धर आणि ड्रॅग इतपत ठेव की बाटली जेमतेम जमिनीवरून उठते आणि लाईन सुटायला लागते. चांगल्या ड्रॅगवर बाटली सरळ, एका वेगाने खाली जाते. वाईटावर थांबत थांबत, हिसके देत. कार्बनच्या चकत्या असलेला ड्रॅग तापला तरी बदलत नाही, फेल्टचा हलक्या कामाला छान मऊ असतो पण त्याचं ग्रीस सुकू देऊ नये. अजून एक, मासा लाईन घेऊन लांब गेला की स्पूलवरचा व्यास कमी होतो आणि तोच ड्रॅग आपोआप जड होतो. ४६ मिमीचा ३५ झाला की साधारण ३० टक्के जास्त. तेव्हा घाबरून नॉब आवळायचा नाही, उलट जरा सैल करायचा.

आणि लाईन रोलर बघच बघ!! माझी एक रील होती, नाव नाही घेत, दिसायला देखणी, आवाज नाही, खरखर नाही. खाडीत वापरून वापरून रोलरमध्ये मीठ सुकलं आणि तो फिरायचा थांबला, मला पत्ताच नाही कारण लाईन तर येतच होती. न फिरणाऱ्या रोलरवरून ब्रेड (विणलेली लाईन) घासून घासून केसाएवढी खाच पडली. नखाने चाचपली तर लागायची, डोळ्यांना दिसायची नाही. एकदा खूप मोठा मासा लागला, तीन धावा झाल्या आणि चौथीला हात एकदम हलका. लाईन गोळा केली तर टोक पिंजलेल्या कापसासारखं. अजून त्या माशाची आठवण आली की जीव हळहळतो. तेव्हापासून महिन्यातून एकदा रोलरवर मार्करने ठिपका देतो, लाईनवर ताण ठेवून हँडल फिरवतो आणि ठिपका फिरतोय का बघतो. नवी घेतानाही हेच कर.

संथ_पाणी
साइज: २५००. सात फुटी मिडियमवर ४००० लावलीस तर तोल मागे जातो आणि दोन तासांनी हात भरून येतो. मात्र कंपनी बदलली की आकडा तोच राहून माप बदलतं हे लक्षात ठेव. शिमानोची सी३००० म्हणजे २५०० च्याच बॉडीवर जास्त लाईन मावणारं स्पूल. डायवाची मापं २०१८ च्या सुमारास त्यांची एलटी रचना आल्यावर बदलली, त्याआधीच्या २५०० ची बॉडी अंगाने मोठी. जुनी रील कोणाकडून घेणार असशील तर आकड्यावर न जाता वजन आणि स्पूलवर लिहिलेली लाईन किती ते बघ.

रेशोचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर किती वेळा फिरतो त्याचं, साधं गणित आहे. स्पूलचा व्यास ४७ मिमी धरला तर एका वेढ्यात पंधरा सेंटिमीटरच्या आसपास लाईन. ५.२ रेशोला हँडलच्या एका फेऱ्यात ७७ सेंटिमीटर येते, ६.२ ला ९२. ल्यूर खेचणं हलकं पडावं, मोठ्या चोचीचा क्रँकबेट किंवा जड स्पिनर सावकाश आणायचा तर ५.२. जिग, सॉफ्ट बेट, जिथे सैल पडलेली लाईन पटकन गोळा करायची असते, तिथे ६.२. एकच घ्यायची तर मी ५ ते ५.५ मधली घेईन, वेग हाताने वाढवता येतो.

नवा_गळ
दादा लोक, खूप आभार, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. दोनच शंका. ब्रेड भरली तर ती स्पूलवर घसरते असं ऐकलंय, खरंय का? आणि खाडीतून आल्यावर बादलीत बुडवून ठेवली तर मीठ निघेल ना?

काठावरचा
बुडवू नकोस रे! पाणी आत शिरलं की ग्रीस गेलं, आणि मीठ पण सोबत आत. जोरदार नळीही नको. आधी ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडायची, रोलर आणि बेलच्या (लाईन पकडणाऱ्या तारेच्या कडीच्या) सांध्यांवर जास्त. फडक्याने पुसायची, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवायची. ठेवताना ड्रॅग सैलच ठेव, चकत्या दाबून चिकटत नाहीत. वाळली की रोलरला तेलाचा एक थेंब. गिअरला तेल नाही, ग्रीस.

ब्रेड घसरते हे खरं. गाठ घट्ट असली तरी सगळा गुंडाळाच्या गुंडाळा स्पूलवर फिरतो आणि माणसाला वाटतं ड्रॅग बिघडला. खाली दहा-बारा वेढे साधा नायलॉनचा तंगूस दे आणि त्यावर ब्रेड बांध. ब्रेड भरताना ओल्या फडक्यातून ताणून भर, सैल भरलीस तर पुढे वेढा वेढ्यात रुततो. काठापासून दोन मिमी जागा सोड.

संथ_पाणी
आणि फेकल्यावर बेल हाताने बंद कर, हँडल फिरवून नाही. १९०५ मध्ये इंग्लंडच्या इलिंगवर्थने या रीलचं पेटंट घेतलं तेव्हापासून तत्त्व तेच आहे, स्पूल जागचं हलत नाही आणि दोरा त्याच्या टोकावरून सुटतो. त्यामुळे लाईनला पीळ बसतोच. हाताने बंद करून लाईन एकदा ताणून घेतली की सैल वेढा स्पूलवर राहत नाही, अर्धा गुंता तिथेच टळतो.

नवा_गळ
आज जाऊन दोन्ही हातात घेतल्या. १३+१ वाली रिकामी मस्त फिरली, पण दुकानातल्या मुलाला लाईन धरायला सांगितली तर हँडलमध्ये पीठ दळल्यासारखं लागलं आणि रोलरवरचा ठिपका जागचा हललाच नाही. ५+१ वाली ताणावरही तशीच मऊ फिरली. २५००, रेशो ५.२, आट्याचं हँडल. तीच आणली. आत्ता बाटली भरून अंगणात उभा आहे, सरळ उतरतेय.