महाभियोग मंजूर होऊनही क्लिंटन पदावर कसे राहिले?

प्रश्न
मोनिका लेविन्स्की यांच्याशी असलेल्या विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणातून डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोग मंजूर झाला, तरीही ते जानेवारी २००१ पर्यंत अध्यक्ष होते. मग मंजूर झाले ते नेमके काय? ज्या प्रक्रियेत आजवर एकही अमेरिकी अध्यक्ष दोषी ठरलेला नाही, तिला लोकांनी पक्षीय तमाशा म्हटले तर त्यांचे काय चुकले?

प्रतिसाद १
‘महाभियोग’ या एकाच शब्दात आपण दोन पायऱ्या कोंबतो, म्हणून घोटाळा होतो. प्रतिनिधिगृह, म्हणजे अमेरिकी संसदेचे कनिष्ठ सभागृह, साध्या बहुमताने करते ते केवळ दोषारोपण. खटला चालतो सिनेट या वरिष्ठ सभागृहापुढे, आणि दोषी ठरवण्यासाठी हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. आरोपी विद्यमान अध्यक्ष असेल तर सरन्यायाधीश पीठासीन असतात. त्या वेळी विल्यम रेन्क्विस्ट बाह्यांवर सोनेरी पट्टे लावलेला झगा घालून बसले होते. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी एकेक सिनेटर उभा राहून ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ म्हणाला. आर्लेन स्पेक्टर यांनी मात्र स्कॉटलंडच्या कायद्याचा आधार घेऊन ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसराच पर्याय काढला, पण त्यांचे मत ‘निर्दोष’ असेच मोजले गेले. शपथेवर खोटे बोलल्याच्या आरोपावर ‘दोषी’ म्हणणारे ४५ निघाले, न्यायदानात अडथळा आणल्याच्या आरोपावर ५०. हवे होते ६७.

प्रतिसाद २
लोकांचा उबग समजून घ्यायचा तर १९ डिसेंबर १९९८ चा दिवस पाहावा. प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदासाठी क्लिंटन यांच्या विरोधातील रिपब्लिकन पक्षाने निवडलेले बॉब लिव्हिंग्स्टन ‘क्लिंटन यांनी राजीनामा द्यावा’ असे सांगायला उभे राहिले आणि स्वतःचे विवाहबाह्य संबंध उघड झाल्यामुळे आपणच पायउतार होत असल्याचे सांगून खाली बसले. त्याच सुमारास गॅलपच्या चाचणीत क्लिंटन यांच्या कारभाराला ७३ टक्के लोकांची पसंती होती. सगळे एकाच माळेचे मणी असतील तर निदान कारभार बरा करणारा राहू द्या, असा हिशेब लोकांनी केला असावा, आणि मला तो बेजबाबदार वाटत नाही.

प्रतिसाद ३
तरीही महाभियोगाच्या सावटाखाली राजीनामा दिलेले अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना विसरू नये. त्यांच्याबाबत प्रतिनिधिगृहात महाभियोगावर मतदानही झाले नव्हते. पण ५ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरण दडपण्यात त्यांचा हात असल्याचे दाखवणाऱ्या ध्वनिफितीचा मजकूर बाहेर आला आणि दोन दिवसांनी बॅरी गोल्डवॉटर यांच्यासह स्वपक्षाच्याच नेत्यांनी भेटून सिनेटमधील मतांचा अंदाज त्यांना ऐकवला. ९ ऑगस्टला ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी महिन्याभरात त्यांना माफी दिली, हेही खरे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दोषारोपण आणि दोषसिद्धी यांत मी गल्लत करत होतो. तमाशा हा शब्द क्लिंटन यांच्या खटल्यापुरता मात्र मागे घेत नाही.