मदत हवी आहे: समांतर तर्काचे प्रश्न वेळेत कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी. पुतणी लातुरात क्लॅटची (कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा) तयारी करतेय. इथं जिकडं बघावं तिकडं नीट-जेईईचे क्लास, विचारायचं कुणाला?

'असाच तर्क कोणत्या पर्यायात आहे' इथं ती अडते. उदा. 'धरण भरलं तर दारं उघडतात. दारं उघडली नाहीत, म्हणजे धरण भरलं नाही.' ती पाण्याचाच पर्याय धरते: 'पाऊस झाला तर ओढा वाहतो, ओढा वाहतोय, म्हणजे पाऊस झाला.' हा तर्कच चुकीचा. बरोबर उत्तर भलत्याच विषयाचं: 'दुकान उघडं असेल तर शटर वर; शटर खाली, म्हणजे दुकान बंद.'

'क असेल तर ख. ख नाही, म्हणून क नाही' असं मांडलं की तिला पटतं. पण १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा! आधी नुसते निष्कर्ष बघून, 'सगळे', 'काही', 'कदाचित' जुळवून पर्याय गाळावेत का? पोरगी हुशार आहे हो, अनुभवी लोकांनी नक्की सांगा.