सामायिक क्लाउड सर्व्हरवरचे डेबियन ११ बदलायचे आहे : त्याच यंत्रावर की नव्या यंत्रावर?

प्रश्न (अंबाजोगाईहून)

नमस्कार. लातूर, नांदेड, परभणी आणि अंबाजोगाई इथले आम्ही काही जण आपापली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून मराठीसाठी मोफत साधने तयार करतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक, वाचनालयांच्या ग्रंथसूचींमध्ये शोध घेण्याची सोय, बाजार समित्यांचे सोयाबीन आणि तुरीचे भाव रोज गोळा करून नोंदणी केलेल्यांना ईमेलने कळवणारी स्क्रिप्ट, अशी लहानमोठी कामे एकाच भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतात आणि त्याचे भाडे वर्गणीतून भागते.

या सर्व्हरवर डेबियन ११ ही लिनक्सची आवृत्ती (कार्यप्रणाली) आहे. त्याचा दीर्घकालीन आधार ३१ ऑगस्ट २०२६ रोजी संपतो, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. सर्व्हरवर पायथन ३.९ आणि पीएचपी ७.४ या प्रोग्रामिंग भाषा आणि पोस्टग्रेएसक्यूएल १३ हा विदागार (डेटाबेस) आहे. काही साधनांचे मूळ लेखक आता पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला आहेत आणि त्यांतले काही जण निरोपाला उत्तर देत नाहीत. त्यांची साधने मात्र लोक रोज वापरतात.

त्याच यंत्रावर टप्प्याटप्प्याने नवी आवृत्ती चढवावी, की नवे यंत्र घेऊन एकेक साधन तिकडे हलवावे? दोन यंत्रांचे भाडे फार दिवस देणे आम्हाला झेपणार नाही. शिवाय पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीनच्या आवकेच्या काळात भावांचे साधन बंद ठेवता येणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (नांदेडहून)

ताई, माझे मत स्पष्टपणे नव्या यंत्राच्या बाजूने आहे. डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही. ११ वरून १२ आणि मग १२ वरून १३ असेच जावे लागते. त्यामुळे आपल्याला एकाच यंत्रावर दोनदा तीच जोखीम घ्यावी लागेल, आणि मध्येच काही अडले तर सगळीच साधने एकदम बंद पडतील. नव्या यंत्रावर थेट डेबियन १३ घेतले, तर जुने यंत्र चालूच राहते आणि एखादे साधन हलले नाही तरी बाकीच्यांचे काही अडत नाही.

भाड्याची चिंता रास्त आहे, पण बहुतेक क्लाउड सेवांमध्ये आकारणी तासावर होते. जुन्या सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेऊन त्यापासून चाचणीपुरते यंत्र उभे करावे, काय चालते आणि काय मोडते ते पाहावे आणि काम झाले की ते यंत्र काढून टाकावे. याचा खर्च एका पूर्ण महिन्याच्या भाड्यापेक्षा पुष्कळच कमी येतो. यंत्र नुसते बंद करून ठेवले तरी अनेक ठिकाणी आकारणी चालूच राहते, म्हणून ते पूर्णपणे काढून टाकणे आवश्यक आहे.

इथे एक गोष्ट फार जपावी. स्नॅपशॉटपासून उभे केलेले यंत्र सुरू होताच त्यावरची क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामेही सुरू होतात. तुमची भावांची स्क्रिप्ट दोन्ही यंत्रांवरून चालेल आणि शेतकऱ्यांना एकच ईमेल दोनदा जाईल, तोही कदाचित वेगळ्या आकड्यांसह. म्हणून चाचणीचे यंत्र सुरू करण्याआधीच क्लाउडच्या फायरवॉलमधून त्याची बाहेर जाणारी सर्व वाहतूक बंद करावी, फक्त आपल्याला लॉगिन करता येईल एवढी वाट ठेवावी, आणि आत शिरल्यावर सर्वांत आधी क्रॉन थांबवावा.

मोडणाऱ्या गोष्टींत पायथन पहिल्या क्रमांकावर असेल. डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ आहे. त्यातून सीजीआय हे वेब पानांसाठीचे जुने मॉड्यूल काढून टाकले आहे, त्यामुळे त्यावर बेतलेली साधने सुरूच होणार नाहीत. डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये पॅकेज बसवायलाही नकार देते. तेव्हा प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांची वेगळी जागा) करावे लागेल आणि जुनी एन्व्हायर्नमेंट उचलून नेता येणार नाहीत, ती नव्याने बांधावी लागतील. त्यासाठी कोणत्या साधनाला कोणती पॅकेजे लागतात याची यादी आजच, जुने यंत्र धडधाकट असताना, काढून ठेवावी. पीएचपी ७.४ वरून एकदम ८.४ वर जाताना जुन्या संकेतातली (कोडमधली) अनेक फंक्शने मिळणार नाहीत, परंतु ते त्रुटींच्या नोंदींमध्ये लगेच दिसते, त्यामुळे त्याचे एवढे भय नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगरहून)

वरील तांत्रिक सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु मला यातला अवघड भाग वेगळा वाटतो. स्वयंसेवकांच्या सर्व्हरवर यंत्र बदलणे त्या मानाने सोपे असते. एखादे साधन कोणाचे आहे आणि त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, इथे गाडी अडते.

मराठी विकिपीडियासाठीचे माझे एक साधन टूलफोर्जवर चालते. विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशन ही सेवा जगभरातल्या स्वयंसेवी विकसकांना विनामूल्य देते. अट एवढीच, की साधन विकिमीडिया प्रकल्पांच्या उपयोगाचे असावे आणि त्याचा संकेत मुक्त परवान्याखाली असावा. तिथे पूर्वी साधने ग्रिड इंजिन नावाच्या जुन्या व्यवस्थेवर चालत. ती बंद करून सगळ्यांना कुबरनेटीस या नव्या व्यवस्थेवर नेण्याचे काम बराच काळ चालले होते. साधनांच्या सांभाळकर्त्यांना पुन्हापुन्हा निरोप गेले, त्यांच्या अडचणी फॅब्रिकेटर या अडचणी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर एकेका साधनाच्या नावाने नोंदल्या गेल्या, ज्यांना वेळ हवा होता त्यांना तो मागण्याची सोय ठेवली, न हललेली साधने आधी नुसती थांबवली आणि मग १४ मार्च २०२४ रोजी ग्रिड कायमचे बंद झाले. आधी थांबवायचे आणि नंतरच काढायचे, हा क्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. निरोप न वाचणारा माणूस साधन थांबले की बहुधा स्वतःहून संपर्क साधतो, आणि तोपर्यंत त्याचा विदा (डेटा) जागेवरच असतो.

तिथली दुसरी पद्धतही आपण उचलावी. क्लाउड व्हीपीएस या आभासी यंत्रे देणाऱ्या त्यांच्याच सेवेत दरवर्षी प्रत्येक प्रकल्पाच्या सांभाळकर्त्याने पुढे येऊन 'हा प्रकल्प अजून लागतो' असे नोंदवायचे असते. जे कोणीच नोंदवत नाही, ते आधी बंद केले जाते. बेवारस झालेली साधने दुसऱ्याने दत्तक घेण्याचीही तिथे रीतसर पद्धत आहे आणि मुक्त परवान्याच्या अटीमुळेच ती शक्य होते. आपल्या गटात प्रत्येक साधनाला किमान दोन सांभाळकर्ते असावेत आणि परवाना लेखी असावा. नव्या यंत्रावर प्रवेश देण्यासाठी या दोनच अटी घातल्या, तरी पुढच्या वेळी हा प्रश्न निम्म्याने हलका होईल.

उत्तर (परभणीहून)

दोन व्यवहारातल्या सूचना. एक, आपल्याकडे लाइट आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून सर्व्हरवरचे कोणतेही लांबलचक काम टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्राममध्येच सुरू करावे, म्हणजे इकडचा संपर्क तुटला तरी तिकडचे काम पुरे होते. दोन, नव्या डेबियनमधले ओपनएसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचे सॉफ्टवेअर, जुन्या शा-१ पद्धतीची स्वाक्षरी स्वीकारत नाही. ज्यांच्याकडे पुटी या लॉगिनच्या प्रोग्रामची फार जुनी प्रत किंवा मोबाइलवरचे जुने एसएसएच ॲप आहे, त्यांची (लॉगिनची डिजिटल) किल्ली बरोबर असूनही त्यांना प्रवेश मिळणार नाही. सर्वांकडून नव्या पद्धतीची, म्हणजे ईडी२५५१९ प्रकारची, किल्ली आधीच मागवून घ्यावी. गट सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या वगळण्यासाठीही हीच वेळ योग्य आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक साधनासमोर त्याचा सांभाळकर्ता, क्रॉनची कामे आणि लागणारी पॅकेजे लिहिलेली यादी आम्ही करायला घेतली आहे. आता खरी काळजी ग्रंथसूचीच्या विदागाराची आहे. तो पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे, त्यातली शीर्षके आणि लेखकांची नावे सगळी देवनागरीत आहेत, आणि वाचनालयांनी स्वतः बसून भरलेल्या या नोंदी दुसरीकडे कुठेही नाहीत. सेवा देणाऱ्या कंपनीचा स्नॅपशॉट रोज निघतो. तेवढा पुरेसा आहे का?

उत्तर (नांदेडहून)

पुरेसा नाही. स्नॅपशॉट त्याच कंपनीच्या त्याच खात्यात असतो, त्यामुळे वर्गणी वेळेवर न भरल्याने किंवा अन्य कारणाने खाते बंद झाले, तर सर्व्हर आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदमच जातात. विदागाराची डंप फाइल (त्यातल्या सगळ्या विद्याची प्रत) रोज काढून ती दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरच्या हार्ड डिस्कवर जायला हवी. ती फाइल रिकाम्या यंत्रावर परत चढवून आपली ग्रंथसूची उघडते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

देवनागरीचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण त्याच यंत्रावर आवृत्ती चढवणाऱ्यांना इथे मोठा दगा होऊ शकतो. शब्दांचा क्रम ठरवण्याचे नियम पोस्टग्रेएसक्यूएल सहसा जीलिबसी या सिस्टीमच्या लायब्ररीकडून घेते आणि तिच्या नव्या आवृत्तीत हे नियम बदललेले असू शकतात. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मात्र जुन्या क्रमाने रचलेला असतो. मग 'ज्ञानेश्वरी' शोधली तर नोंद तक्त्यात असूनही सापडत नाही, किंवा जिथे एकच नोंद असायला हवी तिथे तीच नोंद दुसऱ्यांदा बिनबोभाट स्वीकारली जाते. त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे सर्व इंडेक्स नव्याने बांधणे.

तुम्ही नव्या यंत्रावर जाणार असाल तर डंप काढून परत चढवताना इंडेक्स आपोआपच नव्याने बांधले जातात आणि ही अडचण उद्भवत नाही. डंप शक्यतो नव्या यंत्रावरच्या, म्हणजे १७ व्या आवृत्तीच्या, पीजीडंप या साधनाने काढावा. तो जुन्या १३ व्या आवृत्तीतला विदा वाचू शकतो. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड एका विदागाराच्या डंपमध्ये येत नाहीत, ते पीजीडंपऑल या दुसऱ्या साधनाने वेगळे घ्यावे लागतात. चढवून झाल्यावर प्रत्येक तक्त्यातल्या नोंदींची संख्या दोन्हीकडे जुळते का ते पाहावे आणि एखाद्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनाच काही पुस्तके शोधून पाहायला सांगावे. त्यांना आपली पुस्तके पाठ असतात, चूक त्यांच्याच नजरेला आधी पडेल.

प्रत्यक्ष हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या) नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे पत्ता बदलल्यावर बहुतेक लोक काही मिनिटांत नव्या यंत्रावर पोहोचतील. ग्रंथसूचीत नोंदी भरणे तेवढ्या वेळापुरते थांबवावे, शोध चालू ठेवला तरी चालेल. भावांचे साधन सर्वांत शेवटी आणि बाजार समित्यांना सुटी असेल त्या दिवशी हलवावे. पेरणी आणि आवक यांच्या मधला, पोळ्याच्या आसपासचा काळ त्याला सोयीचा वाटतो, पण तोवर ३१ ऑगस्टची मुदत उलटून गेलेली असेल. म्हणून जमल्यास मे महिन्यातच हे काम उरकावे, आणि जुन्या यंत्रावरचा क्रॉन बंद केल्याखेरीज नव्यावरचा सुरू करू नये.