मदत हवी आहे: 'हिज' आणि 'हर' मुलांच्या डोक्यात कसं पक्कं करावं?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यात मराठी माध्यमाच्या सातवीला इंग्रजी शिकवते. मालकी दाखवणाऱ्या शब्दांपाशी वर्ग अडलाय.

मराठीत 'तिचा भाऊ, तिची वही, तिचं दप्तर', म्हणजे रूप पुढच्या नामाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत बघायचं ते फक्त मालक कोण. त्यामुळे मुलं बेधडक 'मीना अँड हिज ब्रदर' लिहितात, कारण भाऊ पुल्लिंगी! मी मालकाच्या नावाखाली रेघ मारून बाण काढायला लावते. तेवढ्यापुरतं जमतं, निबंधात पुन्हा तेच. 'आवर' आणि 'देअर' मात्र लगेच जमतात. द्राक्षबागेवर वाक्यं करायला सांगितली की हात भराभर वर होतात. त्यात लिंगाचा प्रश्नच नाही ना.

दुसरं अपॉस्ट्रॉफीचं, म्हणजे शब्दात वर येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचं. एका मुलाची बॅग असेल तर 'बॉइज'मध्ये चिन्ह एसच्या आधी, अनेक मुलांच्या असतील तर एसनंतर, आणि कानाला दोन्ही सारखंच. 'चिल्ड्रन्स'मध्ये अनेकवचन असूनही एसच्या आधी. मालकीच्या 'इट्स'ला तर चिन्हच नसतं, तिथं हुशार मुलंही गडबडतात. एका मुलीनं विचारलं, नामाला चिन्ह लागतं तर इथं का नाही? 'हिज'ला कुठं लागतं, म्हटल्यावर तिला पटलं.

'हिज-हर'साठी वर्गात घेता येईल असा तोंडी खेळ कुणी घेतलाय का? प्रोजेक्टर नाही, फळा-खडूच आहे. आणि 'माय' व 'माइन' एकत्र शिकवावं की महिनाभराच्या अंतरानं? प्रत्यक्ष शिकवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.