वडिलांच्या आजारपणासाठी बडोद्यात राहिलं, तर अमेरिकेचं नागरिकत्व लांबावं का?

दांडियाबाजारवाली: माझे दीर ग्रीनकार्डवर न्यू जर्सीत असतात. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. दुखणं लांबणार हे दिसत होतं, म्हणून री-एंट्री परमिटचा, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत अमेरिकेत शिरण्याच्या परवान्याचा, अर्ज करूनच ते इकडे आले. राहता राहता वर्ष उलटलं. परमिटमुळे ग्रीनकार्ड वाचलं, पण नागरिकत्वासाठी लागणारं पाच वर्षांचं सलग वास्तव्य तुटलं. आता परतल्यावर चार वर्षं नि एक दिवस होईपर्यंत थांबायचं. बायको-मुलं तिथे, घर तिथे, करही तिथेच भरतात! सहा महिन्यांवर पण वर्षाच्या आत परतलेल्याचं म्हणणं तरी ऐकतात. नोकरी चालू आहे, घर ठेवलंय, असं दाखवता येतं. वर्ष झालं की ऐकणंच बंद. बापाची सेवा केली म्हणून मागे ढकलायचं, हे मला पटत नाही.

मांडवीकर: वहिनी, दिरांबद्दल आदर आहे, पण नियम चूक नाही. पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष तिथे असलं की हजेरीची अट भागते. म्हणजे जवळजवळ निम्मा काळ बाहेर चालतो, फक्त एका दमात नको. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा तर जास्त कडक आहे. परदेशी माणसाला अर्जाआधी १२ महिने सलग भारतात आणि त्याआधीच्या १४ वर्षांत ११ वर्षं राहावं लागतं.

दांडियाबाजारवाली: काका, त्याच कायद्यात विशेष परिस्थितीत त्या १२ महिन्यांतल्या ३० दिवसांपर्यंतच्या खंडाला सूट आहे. दिवस थोडे आहेत, पण अडचण विचारात तरी घेतात.

कारेलीबाग ते टोरांटो: कॅनडात कारणाचा प्रश्नच येत नाही. अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस देशात भरले पाहिजेत. आईजवळ मी बरेच महिने राहून आलो, तेवढे दिवस पुढे भरून काढले. सलगपणाची भानगड नाही. मला हेच न्याय्य वाटतं.

मांडवीकर: मग वर्षानुवर्षं ये-जा करणारेही नागरिक होतील. मुळं कुठे रुजली, ते दिवस मोजून कळत नाही. आणि अमेरिकेतही सूट आहेच की. तिथल्या सरकारच्या, संशोधन संस्थेच्या किंवा परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या कामासाठी बाहेर गेलेल्याला एन-४७० अर्ज करून सलगपणा राखता येतो.

दांडियाबाजारवाली: माझा राग नेमका त्यावरच आहे! कंपनीनं पाठवलं तर अर्ज आहे, बाप अंथरुणाला खिळला तर नाही. सासऱ्यांना कूस बदलून द्यायलाही दोन माणसं लागायची. आम्ही दोघं नोकरीवर. दीर आले नसते तर कोण होतं?

मांडवीकर: कंपनीचं पत्र तपासता येतं. आजारपणाचे कागद कुणीही जमवेल.

दांडियाबाजारवाली: इस्पितळाच्या नोंदी, डिस्चार्जचे कागद, औषधांची बिलं, पासपोर्टवरचे शिक्के. तपासायला एवढं पुरे नाही का?

मांडवीकर: एखाद्याच्या बाबतीत पुरेल. पण अशी सूट ठेवली की मुदत किती ठेवायची? दोन वर्षं? पाच? मी तरी वर्षाची रेघ पुसणार नाही.