घरचा नॅस, दुसरी प्रत परगावी : अनुभव लिहा

चौथा मजला
माळा आवरताना २००६ च्या सीडींचा डबा निघाला. निम्म्यांचे पापुद्रे सुटलेत. त्यावरून धागा. घरात नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा खोका) आणि बॅकअप दुसऱ्या गावी, हे ज्यांनी जुळवलंय त्यांनी लिहा.
माझं मत : खोका शेवटी निवडा, आधी अपलोड मोजा. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. २ टीबी चढायला अखंड साडेचार दिवसांवर. म्हणून पहिली प्रत दोन्ही खोके घरच्याच राऊटरला केबलने जोडून काढायची. गिगाबिटवर पाच-सहा तास, बारक्या फायली ढीगभर असतील तर रात्रभर. मग दुसरा खोका गावी न्यायचा. पुढे फक्त बदललेलं जातं.

तारजोड
+१. पण सीजीनॅट राहिलं, म्हणजे नेटवाली कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ते. राऊटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यातला पत्ता दिसला की पोर्ट फॉरवर्डच्या (राऊटरमधून बाहेरच्याला आत वाट देण्याच्या) नादी लागू नका, बाहेरून कोणी पोचतच नाही. दोन्हीकडे टेलस्केल टाका, ते दोन खोक्यांत खासगी जोडणी करतं. थेट जोडणी झाली नाही तर रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरवरून) जातं आणि वेग मरतो. स्टेटसमध्ये 'डायरेक्ट' दिसतंय का पाहा. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालू असेल तर बहुतेक जमतं.
पब्लिक आयपी असला तरी लॉगिनचं पान उघडं ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने असेच इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कुलूपबंद केले.

वांगीभात
रेड १ (दोन्ही डिस्कांवर तोच डेटा) आहे की, मग वेगळा बॅकअप कशाला?

तारजोड
@वांगीभात, फोल्डर चुकून उडवलं तर रेड ते दोन्ही डिस्कांवरून इमानेइतबारे उडवतो. रेड फक्त एक डिस्क मेली तर काम थांबू नये म्हणून. नुसत्या आरसिंकचंही (फायली पलीकडे कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचंही) तेच, डिलीटचा पर्याय लावला की पलीकडचंही साफ. जुन्या आवृत्त्या ठेवणारंच काहीतरी हवं.

सहज आलो
सिनॉलॉजी कंपनीचा नॅस घेणाऱ्यांसाठी : डीएस२२३जे ला १ जीबी रॅम आणि बीटीआरएफएस (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) नाही, म्हणजे स्नॅपशॉट (ठराविक वेळच्या स्थितीची नोंद, जिथे परत जाता येतं) नाहीत. डीएस२२३ ला २ जीबी आणि स्नॅपशॉटही. घरी दुसरा, गावी पहिला चालतो. सिनॉलॉजीचा हायपर बॅकअप हा प्रोग्राम आवृत्त्या स्वतः सांभाळतो, त्याला पलीकडे बीटीआरएफएस लागत नाही.
कुकर झाला, डिस्कचं नंतर लिहिते.

चौथा मजला
किती शिट्ट्या? :)

पोस्टाची पेटी
डिस्कचं मी लिहितो. सीएमआर (सुट्या ट्रॅकची) घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले, एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात कळत नाही; मेलेली डिस्क बदलून रेड पुन्हा बांधताना मात्र वेग बसतो आणि कधी कधी डिस्क बाद ठरवली जाते. डेटाशीट पाहूनच पैसे द्या.
सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी तपासा, मगच सील फोडा. दोन डिस्क एकाच खेपेतल्या नकोत. डेटा टाकण्याआधी स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लाँग टेस्ट. ५ आणि १९७ नंबरचे (खराब आणि संशयित सेक्टरांचे) आकडे शून्यच हवेत, एकानेही वाढले तर परत करा.

वांगीभात
गावी लाइट जाते हो. इन्व्हर्टरवर चालेल?

पोस्टाची पेटी
इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलताना खोका रीस्टार्ट होतो. यूएसबी पोर्टवाला छोटा यूपीएस उत्तम, बॅटरी उतरत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसला ते पोर्टच नसतं. आणि 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हे टिक करा. गावी बटण दाबायला कोण जाणार?

सहज आलो
आले. गावच्या प्रतीला एन्क्रिप्शन लावलंत तर की-फाइल (ते कुलूप उघडणारी फाइल) त्याच नॅसवर ठेवू नका, हसू नका, ठेवतात लोक. आणि तीन महिन्यांतून एकदा एखादं फोल्डर तिकडून खरंच परत आणून उघडून बघा. 'बॅकअप यशस्वी'च्या हिरव्या खुणेवर जाऊ नका.
@चौथा मजला, त्या सीडी बाल्कनीत टांगा, कबुतरं येत नाहीत.

चौथा मजला
टांगल्या. कबुतरं शेजारी बसून आरसा बघतात.